कामाच्या लॅपटॉपवर विंडोजसोबत लिनक्स: ड्युअल बूट, डब्ल्यूएसएल की अजून काही?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत एका छोट्या सिव्हिल कन्सल्टन्सीत आहे. आमचं बरंचसं काम पूररेषेचं, म्हणजे नदीकाठच्या जागेतून निळी रेषा (साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची) कुठून जाते, लाल रेषा (१०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची) कुठून जाते ते नकाशावर बसवून द्यायचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे काम खूप वाढलंय. लोक ती रेषा बघून प्लॉट घ्यायचा की नाही ते ठरवतात त्यामुळे ते काटेकोर व्हावं असं मनापासून वाटतं.

आता अडचण. हेक-रास (नदीच्या पाण्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर), ऑटोकॅड, मॅक्रोवाली एस्टिमेटची एक्सेल शीट आणि टेंडर भरायला डिजिटल सिग्नेचरचं टोकन हे सगळं विंडोजवर आहे आणि तिथेच राहणार. पण गेल्या काही महिन्यांपासून आम्ही सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या रडार इमेज वापरून पूर प्रत्यक्षात कुठपर्यंत आला होता तेही तपासतो, आणि त्यासाठी पुण्याच्या एका टीमने दिलेल्या स्क्रिप्ट सगळ्या लिनक्ससाठी लिहिलेल्या आहेत, बॅश (लिनक्सच्या कमांड), जीडॅल (नकाशे-इमेज हाताळणारं), पायथन असं सगळं एकात एक गुंतलेलं. विंडोजवर त्या चालवायच्या म्हणजे प्रत्येक ठिकाणी पाथ बदला, हे बदला ते बदला, आणि त्यांनी नवी व्हर्जन पाठवली की परत पहिल्यापासून.

लॅपटॉप ऑफिसचा आहे. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ प्रो. आमच्याकडे आयटीवाला असा कुणी नाही. साहेब म्हणाले, "काय करायचं ते कर, फक्त टेंडरच्या दिवशी मशीन बंद दिसायला नको."

तर तुमच्यापैकी जे कामाच्या मशीनवर दोन्ही वापरतात त्यांनी अनुभव सांगा. ड्युअल बूट (दोन्ही टाकून चालू करताना एक निवडायचं) करू, डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरू, की व्हर्च्युअल मशीन (एका सिस्टिमच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर)?

टर्मिनलवेडा

ड्युअल बूट. दुसरा विचारच करू नका. पूर्ण रॅम, पूर्ण प्रोसेसर लिनक्सला मिळतो. लिनक्स मिंट २२ टाका, उबुंटू २४.०४ वर बेतलेलं आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. विंडोजमधून आलेल्या माणसाला दोन दिवसात हात बसतो.

सिस्टिमवाला

टर्मिनलवेडा, जरा दमानं :) आधी हे ठरू दे की मशीन कुणाचं.

मी पुण्यात एका कंपनीत आयटी सपोर्ट बघतो म्हणून सांगतो, धागाकर्तीच्या साहेबांनी हो म्हटलंय ते ठीक पण हे वाचून उद्या कुणीतरी मोठ्या कंपनीच्या लॅपटॉपवर पार्टिशन करायला बसेल. तिथे डिस्क एन्क्रिप्शन, अँटिव्हायरस, पेन ड्राइव्ह बंद ठेवणं, कुठली फाइल बाहेर जाते त्यावर नजर, हे सगळं विंडोजच्या आत बसवलेलं असतं. तुम्ही लिनक्समध्ये बूट झालात की यातलं काहीच चालू नसतं. तुमचा हेतू कितीही चांगला असो, सिक्युरिटीवाल्यांच्या दृष्टीने ते मशीन तेवढा वेळ गायब असतं. बहुतेक ठिकाणी हा सरळ पॉलिसीचा भंग धरतात.

कृष्णाकाठ, तुम्हीही साहेबांकडून एका ओळीचा मेल घेऊन ठेवा. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, पुढेमागे साहेब बदलले तर तुमच्या हातात काहीतरी हवं.

कृष्णाकाठ

हे बरं सांगितलंत, आजच मेल टाकते.

पेठकर

मी डब्ल्यूएसएलच्या बाजूचा. रोज तेच वापरतो, पोटापाण्याचं काम त्यावरच चालतं.

पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडायचं, डब्ल्यूएसएल लिहून स्पेस आणि मग डॅश डॅश इन्स्टॉल, एकदा रीस्टार्ट, झालं. उबुंटू येतं. २०१६ चं पहिलं डब्ल्यूएसएल म्हणजे लिनक्सच्या कॉल्सचं विंडोजमध्ये भाषांतर करणारा थर होता, त्यात बऱ्याच गोष्टी चालायच्या नाहीत आणि लोक अजून त्या आठवणीवरून नावं ठेवतात. डब्ल्यूएसएल २ मध्ये खरा लिनक्स कर्नल आहे, हायपर-व्हीच्या हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो. जीडॅल, पायथन, डॉकर सगळं येतं. विंडोज ११ वर क्यूजीआयएससारखे (नकाशांचं सॉफ्टवेअर) खिडकीवाले प्रोग्रॅमसुद्धा सरळ उघडतात.

आणि मुख्य म्हणजे साहेबांचा फोन आला तर रीस्टार्ट करावं लागत नाही, ऑटोकॅड शेजारी उघडंच असतं. ड्युअल बूटमध्ये तुम्ही तासभराची स्क्रिप्ट लावलीय आणि कुणीतरी म्हणालं की जरा ती ड्रॉइंग बघ, तर काय करणार?

टर्मिनलवेडा

सांगणार की तासाभराने बघते. कामाला शिस्त लागते.

पेठकर

पेठेत ही शिस्त दुपारी १ ते ४ चालते, टेंडरच्या दिवशी नाही :D

उंबरठा

वाचतोय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त माझ्याकडे ८ जीबी रॅम आहे.

पेठकर

उंबरठा, ८ जीबीत डब्ल्यूएसएल आणि ऑटोकॅड एकत्र म्हणजे ओढाताण होईल. डब्ल्यूएसएल आपणहून निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं. युजर फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूएसएल कॉन्फिग नावाची फाइल करून त्यात मर्यादा घालता येते. पण घालूनही तुमच्याकडे मुळात उरणार किती? तुमच्या बाबतीत ड्युअल बूट जास्त बरं, हे मी डब्ल्यूएसएलवाला असून सांगतोय.

खोडदवाली

कृष्णाकाठ, डब्ल्यूएसएल घेणार असाल तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. इमेज आणि स्क्रिप्ट दोन्ही लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवायच्या, सी ड्राइव्हवर नाही. डब्ल्यूएसएल २ मधून सी ड्राइव्ह दिसतो खरा पण तिथली प्रत्येक वाचनलेखनाची हाक दोन सिस्टिमच्या मधल्या भिंतीतून जाते, त्यामुळे हजारो छोट्या फाइल असल्या की इतकं रखडतं की वाटतं स्क्रिप्टच अडकली. होममध्ये ठेवल्या की तीच स्क्रिप्ट सुसाट. विंडोजमधून बघायच्या तर फाइल एक्सप्लोररच्या डाव्या बाजूला पेंग्विनचं चित्र येतं, तिथून सगळं दिसतं.

दुसरं म्हणजे त्याची व्हर्च्युअल डिस्क वाढत जाते पण आतलं डिलीट केलं तरी बाहेरची फाइल आपोआप लहान होत नाही. सेंटिनेलचा एकेक सीन जीबीभर असतो ना, म्हणजे सी ड्राइव्ह कधी भरला ते कळणारही नाही. अधूनमधून कॉम्पॅक्ट करावी लागते.

मी स्वतः उलटं करते. जीएमआरटीच्या डेटावर काम आहे (खोडदचा रेडिओ टेलिस्कोप, नारायणगावजवळ, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना) आणि त्यासाठी लागणारं कासा हे सॉफ्टवेअर लिनक्स आणि मॅकवरच चालतं. म्हणून लिनक्स हेच घर आणि विंडोज आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, फॉर्म भरण्यापुरतं.

ढोलताशा

आई शप्पथ, ३० अँटेना ४५ मीटरच्या! पोरांना घेऊन जायचंय कधीपासून. बघायला सोडतात का?

खोडदवाली

विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमाराला तिथे मोठं प्रदर्शन असतं, शाळाशाळांची मुलं येतात. नक्की न्या. फोन मात्र बंद ठेवावा लागतो, मोबाइलच्या लहरींनी निरीक्षणात गोंगाट होतो.

टर्मिनलवेडा

बघा, आकाश ऐकायलासुद्धा लिनक्सच लागतं :)

सिस्टिमवाला

धागाकर्तीला विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणार नाही असं मला वाटतं. हेक-रासचं गणित आणि ऑटोकॅडचं थ्रीडी दोन्हीला ताकद लागते, व्हर्च्युअल मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड नीट पोचवणं ही वेगळीच डोकेदुखी. त्याउलट विंडोजमध्ये लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन, व्हर्च्युअलबॉक्समध्ये किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये (ते २०२४ पासून फुकट आहे), ते चालेल. पण मग डब्ल्यूएसएल त्याहून सुटसुटीत.

मास्तर_वाई

माझा प्रश्न थोडा वेगळा. घरचा जुना पीसी आहे, चौथ्या पिढीचा आय-५, विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याला घेत नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही म्हणतो. शाळेचे निकाल, पत्रकं, सरलची (शाळांच्या सरकारी पोर्टलची) कामं यावरच करतो. चांगला चालता पीसी टाकून द्यायला जीव होत नाही.

टर्मिनलवेडा

मास्तर, टाकू मुळीच नका. विंडोज ११ ला आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल लागतो, लिनक्सला तसली अट नाही. साधी एसएसडी बसवा, जुन्या पीसीला याने सर्वात जास्त फरक पडतो, आणि मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. ब्राउझरमधली सगळी कामं, पीडीएफ, छपाई होईल. आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून प्रिंटर, वायफाय, आवाज तीनही तपासा, डिस्कला हात न लावता हे सगळं कळतं. प्रिंटर सर्वात आधी, काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सचा ड्रायव्हर बसवताना घाम फुटतो.

विंडोज १० शेजारी ठेवायचं तर ठेवा, फक्त त्यातून बँकेचे व्यवहार करू नका.

अनुस्वार

मास्तरांना मराठी टायपिंगचं कुणीच सांगितलं नाही. मी भाषांतराची आणि थोडी डीटीपीची कामं करते म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहिते, धाग्याला अवांतर वाटलं तर क्षमस्व.

लिनक्समध्ये टायपिंगसाठी आयबस नावाची सोय असते. त्यात एम१७एन चं पॅकेज टाकलं की मराठीचे इन्स्क्रिप्ट, फोनेटिक असे बरेच कीबोर्ड येतात, गमभनसुद्धा (इंग्रजी अक्षरांवरून मराठी टाइप करायची पद्धत) आहे त्यात. ज्यांचा हात इन्स्क्रिप्टवर बसलाय त्यांना विंडोज आणि लिनक्समध्ये काडीचा फरक जाणवत नाही. फाँटचं म्हणाल तर नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, लोहित, सगळे फुकट आणि सगळे युनिकोड. लोहित तर पुण्यातल्या रेड हॅटच्या लोकांनी सांभाळलेला फाँट, आपल्या जोडाक्षरांची काळजी असणाऱ्यांनी केलेलं काम आहे ते आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

पण छापखान्याचं काम असेल तर वेगळी गोष्ट. श्रीलिपी, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटात असलेल्या फाइल युनिकोड नाहीत. लिनक्समध्ये उघडल्या तर फाँट असेल तर दिसतील, नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. टाइप करायला ते सॉफ्टवेअर लागतं आणि ते विंडोजचं. कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि र्‍या जिथे असेल तिथे डोळ्यात तेल घालून तपासावं लागतं. म्हणून माझ्या मशीनवर विंडोज आहे आणि माझे प्रकाशक जुन्या फाइल पाठवतात तोवर राहील.

मास्तर_वाई

अनुस्वार ताई, खूप आभार. इन्स्क्रिप्टच वापरतो. आता धीर आला.

ढोलताशा

गमभन लिनक्समध्ये??? इतकी वर्षं कुणी बोललं का नाही. वाखुसा (वाचनखूण साठवली).

दूरदेशी

जर्मनीतून लिहितोय. इथे म्युनिक महापालिकेने मोठा गाजावाजा करून लिनक्स आणलं होतं आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. आणि आता उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये जाहीर केलं की साधारण ३०,००० सरकारी कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर (एमएस ऑफिसच्या जागी चालणारं फुकट सॉफ्टवेअर) आणि पुढे लिनक्सवर नेणार. म्हणजे इथे मोठमोठ्या सरकारांचंही एकमत होत नाहीये. मला यातून इतकंच दिसतं की अडतं ते सिस्टिमवर नाही, रोजच्या फाइलींवर अडतं. कृष्णाकाठ यांची मॅक्रोवाली शीट लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघा म्हणजे कळेल. साधी सूत्रं चालतील, मॅक्रो सगळे चालतील याची खात्री नाही.

कृष्णाकाठ

दूरदेशी, उघडून बघितली. आकडेमोड बरोबर येते पण दरसूचीतून आयटम उचलायचं जे बटण आहे ते काहीच करत नाही. म्हणजे ती विंडोजमध्येच.

सगळ्यांचे सल्ले वाचून डब्ल्यूएसएल टाकलं आणि इमेज होममध्ये ठेवल्या. स्क्रिप्ट पहिल्याच फटक्यात चालल्या, पाथचा एकही बदल न करता! फार बरं वाटलं. पण मोठ्या पट्ट्याचं, म्हणजे कराडपासून खाली नृसिंहवाडीपर्यंतचं प्रोसेसिंग लावलं आणि शेजारी हेक-रास उघडलं की १६ जीबी पुरत नाही. दोन्ही रखडतात. म्हणजे रोजच्यासाठी डब्ल्यूएसएल आणि मोठ्या रनसाठी ड्युअल बूट असं दोन्ही ठेवता येईल का?

टर्मिनलवेडा

या या, वाटच बघत होतो :)

उंबरठा

एक अडाणी प्रश्न, रडार कशाला? साधे उपग्रहाचे फोटो मिळतात की.

कृष्णाकाठ

उंबरठा, अडाणी नाहीच प्रश्न. पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं, साध्या फोटोत ढगच दिसतात. रडार ढगांतून आरपार जातं, रात्रीही चालतं. संथ पाण्यावर पडलेला सिग्नल आरशासारखा पलीकडे निघून जातो, परत येत नाही, म्हणून इमेजमध्ये पाणी काळंभोर दिसतं आणि कोरडी जमीन करडी. पूर येण्याआधीची आणि पुरातली अशा दोन इमेज शेजारी ठेवल्या की नदी कुठे कुठे पसरली ते अक्षरशः अंगावर येतं. आमच्याकडे अडचण उसाची. दाट उभ्या उसात पाणी शिरलं तर वरून पानंच दिसतात, पाणी दिसत नाही. म्हणून त्या स्क्रिप्टमध्ये उंचीचा नकाशाही घ्यावा लागतो, आसपास पाणी अमुक पातळीला आहे आणि उसाचं रान त्याच्या खाली आहे तर तिथेही पाणी असणार असं धरून. त्यातच सगळा वेळ आणि मेमरी जाते.

ढोलताशा

हे वाचून काम किती महत्त्वाचं आहे ते कळलं. माझी मावशी हरिपूरची. ताई, मशीन नीट चालू राहायला पायजे तुमचं. जाणकारांनो, सविस्तर लिहा.

सिस्टिमवाला

लिहितो. दोन्ही ठेवता येतं, काही अडचण नाही. क्रमाने सांगतो, यातला क्रम महत्त्वाचा आहे.

सर्वात आधी बॅकअप. नुसत्या फाइलींचा नाही, क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिलाने पूर्ण डिस्कची इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती असली की काहीही झालं तरी संध्याकाळपर्यंत मशीन होतं तसं परत उभं राहतं. टेंडरच्या दिवशी मशीन बंद नको, त्याचं उत्तर हे आहे.

मग बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर बऱ्याचदा आपण न सांगताच चालू असतं. त्याची रिकव्हरी की ४८ आकड्यांची असते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. ती कागदावर लिहून कपाटात ठेवा, त्याच लॅपटॉपवर नको! बूटच्या सेटिंगला हात लावण्याआधी कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर सस्पेंड करा, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज ती की मागत बसेल.

फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज खरं पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं आणि त्याचं पार्टिशन लॉक्ड राहतं. मग लिनक्समधून ते ड्राइव्ह एकतर नुसते वाचता येतात किंवा माउंटच होत नाहीत.

पार्टिशन छोटं करायचं ते विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. तिथे २०० जीबी रिकामे दिसत असून तो ३०च कमी करू देतो असं होतं, कारण मध्येच न हलणाऱ्या फाइल असतात, पेजफाइल, हायबरनेटची फाइल, सिस्टिम रीस्टोअर. त्या तात्पुरत्या बंद करून, रीस्टार्ट करून परत बघायचं.

आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) चालू असतं. ते एएचसीआय (साधी पद्धत) करावं लागतं, पण थेट बदललं तर विंडोज उठणार नाही, आधी विंडोजला सेफ मोडमध्ये बूट व्हायला सांगायचं आणि मग बदलायचं.

पेठकर

हे सगळं वाचून मला डब्ल्यूएसएल अजूनच आवडायला लागलं.

खोडदवाली

सिस्टिमवाला यांनी छान लिहिलंय, पण मला वाटतं कृष्णाकाठ यांनी पार्टिशन करूच नये. लॅपटॉपमध्ये एसएसडीसाठी दुसरा स्लॉट आहे का ते बघा, बऱ्याच मॉडेलमध्ये रिकामा असतो. दुसरी एसएसडी घ्या आणि लिनक्स पूर्ण तिच्यावर. विंडोजच्या डिस्कला कुणी हातच लावत नाही. इन्स्टॉल करताना विंडोजवाली एसएसडी काढून ठेवायची. हे ऐकायला अति वाटेल पण उबुंटूचा जुना इन्स्टॉलर तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर (सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्रॅम) पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइलींच्या जागी) टाकायचा, ही जुनी माहीत असलेली खोड आहे त्याची. काढून ठेवली की प्रश्नच मिटला. मग चालू करताना एफ१२ किंवा तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून कुठून बूट व्हायचं ते निवडायचं.

बिटलॉकरलाही हेच मानवतं. ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) मेनूतून विंडोज उघडलं की टीपीएमला बूटची साखळी वेगळी दिसते आणि तो की मागू शकतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या मेनूतून उघडलं तर विंडोजला शेजारी कुणी आहे हे कळतही नाही.

टर्मिनलवेडा

खोडदवाली +१. इथे मी माझं म्हणणं बदलतो. कामाचं मशीन असेल तर दोन डिस्क हाच उत्तम मार्ग. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचं जे अपडेट आलं त्यानंतर कितीतरी लोकांचं लिनक्स उठेना, शिम एसबॅट व्हेरिफिकेशन फेल्ड असं काहीतरी लिहून बंद व्हायचं. सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर उठू न देणारी सोय) तात्पुरतं बंद करून, मोकयूटिल या कमांडने ती एसबॅटची (जुने असुरक्षित बूटलोडर अडवणारी) पॉलिसी पुसून परत चालू करावं लागायचं. हे दोन डिस्क असूनही होऊ शकतं कारण ती नोंद मदरबोर्डवर असते, पण निदान विंडोज कायम उठतं, आणि इथे महत्त्वाचं तेच आहे.

उंबरठा

सिक्युअर बूट कायमचंच बंद ठेवलं तर?

सिस्टिमवाला

उंबरठा, कामाच्या मशीनवर नको. उबुंटू, मिंट, फेडोरा सिक्युअर बूट चालू ठेवून नीट चालतात. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागतो आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो, तिथे एनरोल एमओके निवडून तो पासवर्ड द्यायचा. तो पडदा थोडाच वेळ थांबतो आणि बरेच लोक काय आहे ते न कळून एंटर मारून पुढे जातात, मग ड्रायव्हर चालत नाही आणि खापर लिनक्सवर.

ढोलताशा

माझ्याकडे दोन्ही आहेत आणि विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळी दहाला ऑफिसात बसलो तर लॅपटॉप म्हणतो पहाटेचे साडेचार, झोप अजून. बॉसला स्क्रीन दाखवली तर तो हसून हसून बेजार.

खोडदवाली

:D ढोलताशा, मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), भारत साडेपाच तास पुढे म्हणून बरोबर तेवढाच फरक. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल कमांडला सेट-लोकल-आरटीसी १ असं सांगा, मिटेल. टेंडरवाल्यांनी हे आधी करा, डिजिटल सिग्नेचर आणि वेबसाइटची सर्टिफिकेट घड्याळ चुकीचं असलं की अडून बसतात.

कृष्णाकाठ

मंडळी, तुमचे किती आभार मानू.

खालचं झाकण ओळखीच्या दुकानदाराकडून उघडून घेतलं, दुसरा स्लॉट रिकामा होता! साहेबांनी १ टीबीची एसएसडी मंजूर केली, मेलसुद्धा दिला. खोडदवालींनी सांगितलं तसं विंडोजवाली डिस्क काढून ठेवून मिंट टाकलं. इमेजचा बॅकअप आणि बिटलॉकरची की दोन्ही ऑफिसच्या कपाटात. कराड ते नृसिंहवाडीचा पूर्ण पट्टा रात्री लावून घरी गेले, सकाळी तयार. आता २०१९ च्या पाण्याची हद्द आणि आमची लाल रेषा एकावर एक ठेवून बघतेय, दोन ठिकाणी तफावत दिसतेय, तिथे प्रत्यक्ष जाऊन पूरखुणा तपासायच्या आहेत.

डब्ल्यूएसएलपण ठेवलंय, छोट्या कामांना ते फार सोयीचं आहे, पेठकर काका धन्यवाद.

एक शंका राहिली. दोन्हीकडून लागणाऱ्या फाइल कुठे ठेवू? आणि बायॉसमध्ये पहिला नंबर कुणाला देऊ, विंडोजला की लिनक्सला?

पेठकर

काका? :) चालेल चालेल.

पहिला नंबर विंडोजला द्या. विंडोजचं मोठं अपडेट मध्ये दोन तीनदा स्वतः रीस्टार्ट होतं. पहिला नंबर लिनक्सला असेल तर ते अपडेट अर्ध्यात थांबून लिनक्स उघडून बसतं आणि तुम्हाला सकाळी वाटतं अपडेट झालं.

खोडदवाली

फाइलींसाठी नव्या एसएसडीवर एक एनटीएफएस (विंडोजच्या फाइल-रचनेचं) पार्टिशन करा, दोन्हीकडून वाचता लिहिता येतं, फास्ट स्टार्टअप बंद आहेच तुमचं. तिथे फक्त इमेज, शेपफाइल (नकाशाच्या फाइल), पीडीएफ असलं ठेवा. पायथनचं एन्व्हायर्नमेंट आणि गिटचे फोल्डर मात्र लिनक्सच्या होममध्येच, एनटीएफएसवर परवानग्या आणि लिंक नीट राहत नाहीत. आणि विंडोज हायबरनेट करून लिनक्समध्ये जायचं नाही, कायम पूर्ण शट डाउन.

तफावत निघाली ते कळवा हं, उत्सुकता आहे.

मास्तर_वाई

इकडे पण मिंट बसलं. प्रिंटर चालला. निकालपत्रक इन्स्क्रिप्टमध्ये टाइप करून छापलं, जोडाक्षरं सगळी शाबूत. फक्त पेन ड्राइव्ह काढायच्या आधी इजेक्ट करायला बराच वेळ लागतो, ते का?

टर्मिनलवेडा

मास्तर, अभिनंदन! कॉपी झालं असं दिसतं तेव्हा डेटा अजून रॅममध्ये असतो, इजेक्ट म्हटल्यावर तो खरोखर पेन ड्राइव्हवर लिहिला जातो. तेवढं थांबायचं, ओढून काढायचा नाही.